ओल्या डांबराचे टायर

तिसरा टायरही बाबांनी नापास केला. टायरवाल्याने तो निमूटपणे भिंतीकडे लोटला आणि चौथा घरंगळत आणला. हा दिसायला पहिलवान होता. मोठमोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये बोट बुडेल एवढ्या खाचा. चिखल याच्यापुढे हात टेकतो, असं टायरवाला म्हणाला.

बाबांनी ठोकळ्यात नख रुतवून पाहिलं. रुतलं नाही. त्यांनी मान हलवली.

लेक बाकावर बसून मनातल्या मनात धुमसत होती. ती गुरांची डॉक्टर. आज रजा टाकून बाबांबरोबर आली होती ती टायर घ्यायला नव्हे, टायर घेऊ द्यायचे नाहीत म्हणून. जन्मभर डोंगरातल्या खाणीवर जीप नेणारा हा माणूस मागच्या पावसात साध्या वळणावर घसरला आणि मैलाच्या दगडावर जीप चढवून बसला. थोडक्यात निभावलं. दगड दिसलाच नाही, असं त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं, पण आईच्या पोटात काही राहत नाही. तेव्हापासून घरात एकच पालुपद चालू होतं, आता जीप पुरे. बाबा ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे.

काल तर दिवसभर ते तेलाचा डबा आणि पाने घेऊन जीपमध्येच घुसून होते. हात कोपरापर्यंत काळे. आज इथे येताना स्टिअरिंगला पोट टेकलेलं, गुडघे वर आलेले, असे अवघडून बसले होते की तिला भडभडून आलं. एवढा ताडमाड माणूस, किती आखडला. गाडी इतकी हळू हाकत होते की सायकलवाले पुढे जाताना वळून बघत होते.

"नुसता चिखल नकोय मला," बाबा टायरवाल्याला सांगत होते. "चिखल रस्त्याच्या शेवटच्या तुकड्यापुरता. बाकी सगळं डांबर, आणि तेही ओलं. उतारावर ब्रेक मारला तर गाडी जागच्या जागी थांबली पाहिजे."

टायरवाल्यालाही आता रंग चढला. तो म्हणाला, मग पहिलवान कामाचा नाही. त्याचं थोडंच रबर रस्त्याला टेकतं, ओल्या डांबरावर तो स्केटिंग करतो. मधला पट्टा सलग हवा, पाणी बाहेर फेकायला रुंद चर हवेत, ठोकळ्यांवर बारीक चिरा हव्यात आणि रबर जरा मऊ. बाबांनी उलटतपासणी घेतली. पहाटेच्या गारठ्यात हे रबर कडक होतं का? मागे सामान भरलेलं असलं तर? एकदम काही आडवं आलं तर?

लेकीला नवल वाटलं. हेच बाबा डांबरावर चालवणाऱ्यांना जन्मभर हसत आले होते. मग तिच्या ध्यानात आलं. त्या वळणाची त्यांनी धास्ती घेतलीय, पण हट्ट काही सुटत नाही. चांगले टायर टाकून हे पुन्हा त्याच वळणावर जाणार आहेत. मग तिला राहवलं नाही.

"बाबा, जीपला गिऱ्हाईक आलंय. रविवारी बघायला येतोय तो. मी शब्द दिलाय."

टायरवाल्याला आत काहीतरी काम आठवलं. बाबांनी तिच्या कोपराकडे पाहिलं. अडलेली गाय सोडवून पहाटे परतताना ओल्या रस्त्यावर तिची स्कूटर घसरली होती. खपली अजून पडली नव्हती. तिने बाही खाली ओढली. जीप मागायची तर सोयच नव्हती. मैत्रिणीच्या मोटारीवर शिकून तिने लायसन्स काढलं तेव्हा एकदा मागितली होती, नोकरी लागल्यावर पुन्हा मागितली. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "तुझे पाय पोचत नाहीत, बाळ." खोटं नव्हतं ते. सीट बाबांच्या लांब पायांसाठी पार मागे होती आणि तिथेच गंजून बसली होती.

टायरवाला पाचवा घेऊन बाहेर आला. बाबांनी नख लावलं. रुतलं. चिरांवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, हेच टाका, चारही.

म्हणजे आपलं बोलणं त्यांनी वाऱ्यावर सोडलं. तिला रडू येईलसं झालं. परक्या माणसासमोर बापाशी भांडायचं तरी कसं? टायर बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली.

जीप जॅकवरून उतरली. बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग ड्रायव्हरचं दार ओलांडून पलीकडे गेले आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. लेकीच्या मनात आलं, आता एवढंही लक्षात राहत नाही?

"बाबा, जागा चुकली तुमची," ती हळूच म्हणाली.

"नाही चुकली. मला आता तिथे बसता येत नाही. इथवर येईपर्यंतच गुडघे कामातून गेले." त्यांनी खिडकीतून किल्ली पुढे केली. "त्या गिऱ्हाइकाला कळव, जीप गेली म्हणून."

ती वळसा घालून आली, दार उघडलं. गंजून बसलेली ती सीट पार पुढे ओढून नव्या बोल्टांनी आवळून टाकली होती. मागे सरकायला जागाच ठेवली नव्हती.

ती चढून बसली. पाय पुढे केले.

पोचले.