किनाऱ्याची वाट

"इथे सही करा, मावशी," हेमाली तांडेलने कागदावर बोट ठेवलं.

पालघरच्या नोंदणी कार्यालयात पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. हेमाली थकली होती. बोईसर-तारापूर पट्ट्यातली गोदामं, कारखान्यांच्या जागा, त्यांचे भाडेकरार यातच तिची सगळी वकिली गेली. मुंबईच्या नावाजलेल्या वकिलांना सोडून जमीन घेणाऱ्या या कंपनीने तिला बोलावलं, तेव्हा अनुभवाचं चीज झालं असं तिला वाटलं होतं.

समोर मुरबे गावच्या वत्सलाबाई बसल्या होत्या. गुडघे गेले, मासळीचं काम सुटलं, म्हणून त्या समुद्राजवळची जमीन विकायला निघाल्या होत्या. कंपनी तिथे कोल्ड स्टोरेज बांधणार होती.

वत्सलाबाईंनी पेन घेतलं नाही. "तू एकनाथ तांडेलाची लेक ना बाय? आमच्या मुरब्याची?"

"हो."

शेजारी बसलेला कंपनीचा अधिकारी सुजीत हेमालीकडे झुकला. "मॅडम, त्यांच्याशी तुमच्या गावच्या भाषेत बोला. त्यासाठीच तर तुम्हाला घेतलंय."

उठून घरी जावं, झोपावं, इतकंच हेमालीला वाटलं. मग ती गावच्या भाषेतच बोलली.

"मावशी, मी कंपनीची वकील हाय. तुमची नाय."

"ठावं हाय. म्हणून तर तुलाच इचारते. आमच्या बायका त्या जमिनीतनं किनाऱ्यावर मासळी सुकवायला जातात. ती वाट राहील का?"

सुजीतने घसा खाकरला. हेमालीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नाय राहणार. कंपनी कुंपण घालणार."

"असं कोणी लिवलंय?"

"मी."

वत्सलाबाई रागावल्या नाहीत. खुर्ची पुढे सरकवून त्यांनी कागद हेमालीकडे ढकलला.

"मग तूच खोड."

हेमालीने कागद जवळ ओढून कुंपणाचं कलम पुन्हा वाचलं. सुजीत दबक्या आवाजात काहीतरी सांगत होता, ते तिला ऐकू येत होतं आणि नव्हतंही. शेवटी ती त्याच्याकडे वळली.

"तुमच्या साहेबांना फोन लावा. वाट राहिली तरच सही करून घ्यावी, असं तुमची वकील म्हणतेय, सांगा."