डावी कळी

दाजी गुरवाने दोन ओल्या कळ्या सातेरी देवीच्या पाषाणाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. हात पुसले आणि मागे वळून विचारलं, "गाऱ्हाना काय घालू, आबा?"

"मनातला आसा," आबा म्हणाले. "तू नुसतो कौल माग."

दाजीने मान डोलावली. मनातला कौल म्हटला की गुरवाने पुढे विचारायचं नसतं. आणि विचारायचं तरी काय? आबांच्या घरात महिनाभर कसला वाद पेटला होता, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

"बाय माझे सातेरी, ह्यो तुझो लेकरू मनात एक गोष्ट धरून तुझ्या पायांकडे उभो आसा. होय आसात तर उजवी दी, नाय आसात तर डावी दी. वाट बघूक लावू नको गो माये!"

"व्हय म्हाराजा!" मंडपातली माणसं म्हणाली.

बायकांच्या बाजूला खांबाला टेकून आबांची थोरली सून आनंदी उभी होती. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. तिचे ओठ हलत होते. बाये, डावी दी. डावीच दी.

वाद गाडीचा होता. कणकवलीच्या एका व्यापाऱ्याने आपली जुनी डिझेलची गाडी विकायला काढली होती. मागे उघडा हौदा, वर ताडपत्री. धाकटा मुलगा बाबली ती बघून आला, तेव्हापासून त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. गेल्या हंगामात वाडीने किनाऱ्यावरून ओढलेल्या जाळ्यात बांगडा इतका लागला की गिऱ्हाईक मिळेना. शेवटी टोपल्याच्या टोपल्या माडांच्या मुळात खत म्हणून पुरल्या. गाडी असती तर बर्फात घालून तोच बांगडा आंबोली चढून सकाळी बेळगावच्या बाजारात गेला असता. बाबलीचं म्हणणं खोटं नव्हतं. आनंदीलाही ते पटत होतं.

पण गाडी घ्यायची तर होडी विकायला हवी होती. आणि होडी गुणाजीची होती, आनंदीच्या नवऱ्याची.

दोन वर्षांमागे नारळी पौर्णिमेनंतर तो त्या होडीतून गेला. चौथ्या दिवशी होडी आचऱ्याच्या खाडीच्या तोंडाशी लागली. फळी धड, वल्ही जागच्या जागी. माणूस तेवढा नव्हता. कुठल्याशा गलबताने उचलून नेला असेल, कोणी म्हणालं. होडी आली तसा तोही येईल, आबा म्हणाले. त्यांनी होडी घरामागच्या मांगराच्या छपराखाली पालथी घातली, वर माडाचे झाप टाकले आणि कोणाला हात लावू दिला नाही. आनंदीने कुंकू पुसलं नाही. सोमवार धरले. रोज तिन्हीसांजेला मांगरात पणती लावून मगच ती भाताला हात लावी. होडी होती तोवर ती सवाशीण होती. लोक तोंडावर तरी तसंच म्हणत.

"होडयेक पणती दाखवन आमच्या पोरांचा पोट भरतला?" धाकटी जाऊ सुगंधा एकदा भांडी आपटत म्हणाली होती. बाबलीने तिला गप्प केलं होतं. "वयनी, तुम्ही कित्याक रडतास? दादा इलो तर गाडयेत पयलो तेकाच बसवतंय, डायवराच्या बाजूक!" तो हसला होता. आनंदीला मात्र हसू आलं नव्हतं.

मंडपात कोणी खोकलं. समईची वात फडफडली. आनंदीने डोळे गच्च मिटले.

"पडली!"

तिने डोळे उघडले. उजवी कळी जागच्या जागी होती. डावी खाली, देवीच्या पायांशी.

"डावी दिल्यान," दाजी हळूच म्हणाला.

बाबलीचा चेहरा पडला. तो चपला शोधू लागला. सुगंधाने कडेवरचं पोर उगाचच दामटलं. आबा पाषाणाकडे बघत राहिले, दाजीने प्रसादाचा नारळ पुढे केला तरी त्यांना कळलं नाही. तो आनंदीनेच पदरात घेतला. घरची वाट तिला कधी संपली ते समजलंसुद्धा नाही. देवीची ओटी भरायची, तीही येत्या शुक्रवारीच, असं तिने चालता चालता ठरवून टाकलं.

घरी येऊन तिने नारळ फोडला. पोरांच्या हातावर खोबरं ठेवलं, सुगंधाच्याही ठेवलं. किती दिवसांनी तिच्या हाताला असा हलकेपणा आला होता. आबा घरापुढच्या खळ्यात बसले होते. त्यांनी खोबरं घेतलं, पण तोंडात टाकलं नाही.

"बाबली," त्यांनी हाक मारली. "फाल्यां सकाळीच कणकवलेक जा. गाडी ठरवन ये. होडयेक गिऱ्हाईक मी बघतंय."

बाबली दारातच थबकला. "पण बाबा, देवी नाय म्हणाली मां?"

आनंदीच्या हातातली करवंटी तशीच राहिली. सासऱ्यांसमोर ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. आज बोलली.

"मामांनू, सगळ्यांदेखत डावी पडली. देवयेचो सबूद मोडतास?"

आबांनी मान वर केली. तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि नजर खाली नेली.

"मी देवयेक गाडयेचा इचारूकच नाय, बाय. माझो गुणाजी परत येतलो काय, ता इचारलंय."