ताईनं बनवलेलं इंजेक्शन

साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून स्कॅनसाठी इंजेक्शन बनवणं, हे ताईचं रोजचं काम. आजचं इंजेक्शन तिच्या धाकट्या भावासाठी होतं.

"मॅडम, तुमच्या नव्या उत्प्रेरकानं बनवलेल्या इंजेक्शननं कमाल केली. इतकं स्वच्छ चित्र मी आजवर पाहिलं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. मग फाइलवर नातेवाईक म्हणून तिचंच नाव वाचून त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर यकृतात, मणक्यांत, बरगड्यांत कॅन्सरचे ठिपके लखलखत होते.

बाहेर भाऊ वाट बघत होता. "काय गं, काय म्हणाले?"

"चित्र अगदी स्वच्छ आलंय म्हणाले."

"हुश्श! सुटलो बुवा एकदाचा." त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला. ताई त्याच्या हातावरचा कापूस काढत राहिली.

"अगं, काही नाही निघालं," तो सांगत होता, "ताईनंच सांगितलं."