तिघांपुरती

“साधी एडिशन तिघांना पुरते,” दुकानदार म्हणाला. “सहकुटुंब घेतलीत तर माणसं मोजायची गरज नाही.”

काउंटरवर दोन डबे होते. साधीचा हिरवा, सहकुटुंबचा निळा. बाबांनी दोन्ही हातांवर तोलून पाहिले. भाजी असो की ऑपरेटिंग सिस्टीम, वजन केल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे.

“आतून सारखंच ना?”

“अगदी सारखं. फक्त माणसं कमी.”

बाबांच्या मागे आई, बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि कॉलेजात जाणारी मुलगी उभी होती. घरात कॉम्प्युटर एकच, त्यात चौघांचे चार कप्पे. जुनी सिस्टीम आता बंद पडणार होती. पडद्यावर तसा इशारा रोज यायचा आणि बाबा रोज ‘नंतर आठवण करा’वर क्लिक करायचे. कालपासून ते बटणच नाहीसं झालं होतं.

“चिऊ, सॅकची चेन उघडी आहे,” आत्या म्हणाली. “कितीदा सांगायचं? चोराला काय आमंत्रण द्यायचंय?”

“लावते गं.” मुलीने सॅक तशीच जमिनीवर ठेवली आणि निळा डबा वाचायला घेतला.

“साधी घेतली तर चौथ्या माणसाचं काय होतं?” आईने विचारलं.

“काही होत नाही.” दुकानदाराने जरा विचार केला. “म्हणजे, पुढे काहीच होत नाही.”

“फोटोबिटो जातात की काय?”

“फोटो राहतात. त्यात तो नसतो. तक्रार मात्र एकही नाही हां. करणार कोण?”

आई हसली. दुकानदार हसायचा थांबला होता की हसलाच नव्हता, ते कळलं नाही.

“बाहेर बोर्डावर ‘आणि बंधू’ लिहिलंय,” मुलगी म्हणाली. “भाऊ कुठेत तुमचे?”

“मलाही कधीकधी प्रश्न पडतो,” तो म्हणाला. “आम्हीपण साधीच घेतली होती.”

काउंटरमागे दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसला होता. दुसरीवर उशी होती, आणि उशीला मधोमध बसून बसून पडलेला खळगा.

बाबांनी किमतीतला फरक विचारला. फार नव्हता. चौघं एकदा बाहेर जेवली की होईल तेवढा. म्हणून तर ते बाहेर जेवत नसत.

या घराची एक रीत होती. डब्यात शेवटचं बिस्कीट उरलं की सगळ्यांनी “मला नको” म्हणायचं. आणि एकदा कोणी नको म्हटलं की त्याला दुसऱ्यांदा विचारायचं नाही; आग्रह म्हणजे अपमान. नको म्हणण्यात आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. खिडकीजवळची जागा, पंख्याखालची जागा, लग्न, सगळ्याला तिचं एकच ठरलेलं वाक्य: “मला नको. मी आपली असून नसल्यासारखी.”

बाबांनी हिरवा डबा पुढे सरकवला आणि आत्याकडे न बघता थांबले. आईही थांबली. वेळेवर येणाऱ्या बसची वाट बघावी, तशी दोघं त्या वाक्याची वाट बघत होती.

आत्याने चष्मा लावला. डब्यावरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं. मग त्या उशीकडे पाहिलं.

“मला हवंय,” ती म्हणाली.

पंख्याची कुरकुर सगळ्यांना एकदम ऐकू आली.

“वन्सं, अहो, तुम्ही कॉम्प्युटरला हात तरी लावता का?”

“रोज हवामान बघते.”

“ते खिडकीतून दिसतं की.”

“पत्ते खेळते.”

“हरतेस, ताई,” बाबा म्हणाले.

“हरते. पण हवंय.”

“तीन नावं सांगा,” दुकानदाराने कीबोर्ड जवळ ओढला. “एकदा घातली की बदलत नाहीत.”

बाबांनी निळ्या डब्याकडे पाहिलं. हात खिशाकडे गेला. खिशातून रुमाल निघाला. त्यांनी कपाळ पुसलं.

“बाबा, कशाला उगाच वाद?” मुलगी म्हणाली. “मला नको. माझं काय, मी मोबाईलवर भागवीन.”

मान किंचित तिरकी करून, हुबेहूब आत्यासारखं. शिकवलंही आत्यानेच होतं, लहानपणी, बिस्किटांवर.

बाबांचे खांदे सैल झाले. “गुणाची आहे हो माझी,” आई म्हणाली. दुसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. बाबांनी भराभर तीन नावं सांगितली.

आत्याने तोंड उघडलं. जन्मभर जिभेवर ठाण मांडून बसलेला शब्द नेमका आत्ता जागेवर नव्हता. तो सापडेपर्यंत दुकानदाराने बटण दाबलं होतं.

“झालं,” तो म्हणाला.

बाबांनी पैसे दिले आणि हिरवा डबा पिशवीत घातला. “थोडक्यात वाचलो. उगाच मोठी घेत होतो.”

“तेच म्हणते,” आई म्हणाली. “आपण तिघं. आपल्याला काय करायचीय सहकुटुंब?”

दोघं दाराकडे निघाली. आत्याच्या पायाला काहीतरी लागलं. तिने वाकून उचललं. सॅक होती, बऱ्यापैकी जड.

“ही कोणाची?”

“विसरतं कोणीतरी,” दुकानदार मान वर न करता म्हणाला. “मागच्या खोलीत ठेवा. सरकवा जरा, बरंच सामान आहे तिथे.”

आत्याने सॅकची उघडी चेन लावली. मग रागवायला कोणी सापडतंय का, म्हणून इकडेतिकडे पाहिलं.