एक वाक्य मराठीत

"उभा राहू नकोस, बस," रोवेना बाई म्हणाल्या. तरी संग्राम उभाच राहिला. मराठीसाठी लढणाऱ्या संघटनेच्या त्या छोट्या कार्यालयात पंखा घरघरत होता.

"मुन्नाला कुणी मारलं?"

"कोण, तो नालासोपाऱ्याचा भाजीवाला? बाई, तो मराठी बोलायलाच तयार नव्हता. पोरांनी आधी नीट सांगून बघितलं. इथं राहायचं, इथं कमवायचं, आणि..."

"त्याचा हात मोडलाय, संग्राम. दोन दात पडलेत."

संग्रामने मान वळवली. "भाषेचा प्रश्न आहे, बाई."

"भाषेचा? दहावीला मराठीत छत्तीस मार्क होते तुला! 'मी' लिहिताना पहिली वेलांटी द्यायचास. आणि आता तीच भाषा वाचवायला माणसं झोडतोस? तेहतीस वर्षं शिकवली मी मराठी. कुणाला साधी पट्टी मारली नाही!"

 बाई ताडकन उठून बाहेर पडल्या. 

निर्मळ गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नालासोपाऱ्यात बाहेरून आलेल्यांसाठी मराठीचा फुकट वर्ग काढला होता, तो याच भीतीपोटी. मुन्ना आठ महिने दर रविवारी यायचा. वही नीट पुठ्ठा घातलेली, अक्षर टपोरं. चार वाक्यं बोलता आली की तुला कुणी हात लावणार नाही, असं बाईच त्याला सांगायच्या.

रिक्षा करून त्या रुग्णालयात पोचल्या. मुन्ना खाटेवर टेकून बसला होता. हात गळ्यात, एक डोळा सुजून बंद झालेला. त्याला तसं बघितलं आणि बाईंचा सगळा संताप त्याच्यावरच उलटला.

"आठ महिने काय शिकलास रे? तोंड उघडायला काय झालं होतं? एक वाक्य, मुन्ना! एक वाक्य मराठीत बोलला असतास तर सुटला असतास!"

"बोललो ना, बाई." सुजलेल्या ओठांतून शब्द सावकाश येत होते. "पाच मिनिटं बोललो."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या त्यांनी. एक जण म्हणाला, याचं मराठी आपल्यापेक्षा चांगलं आहे. पाठ थोपटली माझी."

त्याने गळ्यातला हात सावरला.

"मग पूर्ण नाव विचारलं."