गाळलेली जागा

दिवे लागले आणि वक्त्याला जाग आली.

डोकं शेजारी बसलेल्या आईच्या खांद्यावर होतं. त्याने झटकन मान सरळ केली, चष्मा पुसला आणि फार गहन विचारात असल्यासारखा चेहरा केला. कुणी पाहिलं नसावं. आणि पाहिलं असतं तरी काय? चित्रपट मंडळातली भाबडी माणसं, त्यांना वाटलं असतं सर डोळे मिटून चिंतन करतायत.

'जपानी आणि जर्मन सिनेमातली उत्तराधुनिक कथनशैली' हा त्याच्या व्याख्यानांचा विषय. नुसता जाहीर करताना चिटणिसांना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. पण गडी बोलायला उभा राहिला की सभागृह गप्प व्हायचं. मागच्या आठवड्यात जर्मन सिनेमा झाला. त्यात बापलेक कडाकडा भांडतात, पडदा काळा होतो, आणि उजेड येतो तेव्हा मुलगा बापाचं घर विकायला निघालेला. मधलं काहीच नाही. लोक चक्रावले. हा म्हणाला, "शाळेत आपण गाळलेल्या जागा भरायचो ना, तसंच हे. जुना सिनेमा सगळं सांगून टाकायचा. हा सांगत नाही. जागा सोडतो, भरा म्हणतो तुमची तुम्ही." काय टाळ्या पडल्या! तेव्हापासून मंडळात पाठीमागे त्याचं नावच पडलं, गाळलेली जागा. त्याला ते कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

आज जपानी सिनेमा होता आणि आज पहिल्यांदाच आई आली होती. "तुझा मुलगा काय करतो ते एकदा बघ तरी," म्हणून तो पहाटे उठून स्वतः गाडी चालवत तिला आणायला गेला होता. सिनेमा मात्र आधी बघायचा राहून गेला. सगळ्यांबरोबरच बघू, त्यात काय, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली.

सुरुवात त्याने पाहिली. एक म्हातारी, तिचा चाळिशीतला मुलगा, दोन खोल्या, खिडकीतून दिसणारी नदी. मग डोळा लागला. मध्येच उघडला तेव्हा मुलगा टेबलाशी एकटाच जेवत होता आणि आईची खुर्ची रिकामी होती. वा, काय जागा सोडलीय, असं मनात म्हणून तो पुन्हा गाढ झोपला.

आता मंचावर जाऊन त्याने माईक हातात घेतला.

"काय केलंय बघा या दिग्दर्शकाने! आई आहे, आणि पुढच्या क्षणी नाही. तिचं मरण तो दाखवतच नाही. जर्मन निदान पडदा तरी काळा करतो, हा तेवढीही सूचना देत नाही. दुसरा कुणी असता तर मरणाचा प्रसंग घालून तुम्हाला ढसाढसा रडवलं असतं. हा तुम्हाला रडवत नाही!"

समोर अर्ध्या लोकांची नाकं लाल होती. टाळी एकही नाही. विषय यांच्या डोक्यावरून गेला असं समजून त्याने शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हटलं.

तिसऱ्या रांगेतून मंडळातलीच एक नर्सबाई चाचरत उठली.

"सर, माझंच चुकत असेल. पण मरण दाखवलंय की. मुलगा तिच्या पायात मोजे घालत असतो. एक घालून होतो, आणि दुसरा घालताना त्याला कळतं, की ती गेली. तरी तो मोजा नीट वर ओढतो. किती वेळ चाललं होतं ते. आम्ही सगळेच रडलो हो."

बाईच्या आवाजात चेष्टेचा लवलेश नव्हता. चेष्टा असती तर परवडली असती.

अहो, मला झोप लागली होती. एवढंच म्हणायचं होतं. लोक हसले असते आणि विसरले असते. पण त्याच्या तोंडून निघालं, "नाही, म्हणजे, मी रूढ अर्थाने 'दाखवणं' म्हणत नव्हतो." बोलता बोलताच त्याचे कान तापले. मागे कुणीतरी उगाच खोकलं. चिटणीस आपल्या बुटांकडे बघायला लागले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

"मलाही नाही दिसलं, बाई," ती नर्सबाईला म्हणाली. "मोजे-बिजे काही नव्हते. आम्ही दोघं शेजारीच होतो ना. आणि मी तर जागीच होते."

तिचे डोळे सुजले होते. हातातला रुमाल पिळून निघावा इतका ओला होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

कुणीही हसलं नाही. चिटणिसांनी घाईघाईने आभार मानले. नर्सबाई पुढे आली, आईचा हात धरून तिला पायऱ्यांपर्यंत सोडून गेली. वक्त्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. धरणीने पोटात घेतलं असतं तर तो आनंदाने गेला असता. लोकांसमोर काळं झालेलं तोंड एक वेळ धुऊन निघेल. पण उभ्या जन्मात कधी खोटं न बोललेल्या आईला आज भर सभेत खोटं बोलावं लागलं होतं, आणि तेही त्याच्यासाठी.

गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायच्या आधी त्याने विचारलं.

"आई, उठवायचं नाहीस का गं मला?"

"उठवणार होते रे. खांद्याला हातसुद्धा लावला होता." ती रुमालाची घडी घालत होती. "तेवढ्यात ते मोजे आले. म्हटलं, झोपू दे. आत्तापासून कशाला बघायचंस तू ते."