सुशीलाबाईलाच कळतं

“ते म्हणून रायले, उद्या बोडीचं तुडूम खोला,” सुशीलाबाईनं सांगून टाकलं. “आधी खालच्या बांध्याईले पाणी, मंग वरच्या. दरसालसारखं.”

ओसरीत बसलेल्या रामलालनं आणि त्याच्यासोबतच्या दोघांनी माना डोलावल्या. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, बांधातली मोरी उघडून पाणी कधी सोडायचं आणि आधी कोणाच्या शेतात, हे तिच्या नवऱ्यानं, पुनारामनं ठरवायचं ही गावची रीत. धान निसवायला आलेला, आभाळ कोरडं ठणठणीत. ठरवणाऱ्याला लकवा मारला म्हणून रीत थोडीच मोडते.

खाटेवर टेकून बसलेल्या पुनारामनं चांगला हात खाटेच्या कडेवर आपटला. पुन्हा बोलला. लांबलचक बोलला. शब्दाची शेपूट पुढं, तोंड मागं, मधली अक्षरं कुठल्या कुठं.

“हो जी, सांगितलं त्याईले. आयकलं त्याईनं.”

हात पुन्हा आपटला.

“काकी,” रामलाल चाचरत म्हणाला, “काका नाई म्हणून रायले वाटते.”

“तुले माह्यापेक्षा जास्त कळते का गा? तुही बायको काय म्हणते ते तुले समजत नाई, म्हणून घडीघडी माहेरी जाऊन बसते. अन् चालला माह्या नवऱ्याचं समजाले.”

दोघं फिसकन हसले. रामलाल उठला. तिघं अंगणात गेले.

सुशीलाबाईला मात्र बसवेना. तिनं नवऱ्याची उशी सारखी केली, परत काढली, परत लावली. पाण्याचा गिलास पुढं केला, तर त्यानं तोंड फिरवलं. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्याचं बोलणं एकट्या तिलाच कळत होतं. ‘हाचा’ म्हटलं की चहा, ‘णीपा’ म्हटलं की पाणी. मोठ्या वाक्याचाही तो संपवायच्या आत ती उलगडा करायची. गोंदियाची डॉक्टरीणबाई थक्क झाली होती, आणि ही गोष्ट सुशीलाबाईनं फुलचूरच्या जावेपर्यंत न विसरता पोचवली होती.

“आई,” दारात उभी असलेली सून, डिंपल, म्हणाली. “बाबा पाण्याचं नाई बोलून रायले.”

“मंग कायचं बोलून रायले? सांग ना, विद्वान.”

“मले नाई कळत. पण तुम्हालेही नाई कळत.”

या घरात तिला असं कोणी बोललं नव्हतं. सुशीलाबाईनं पदर खोचला.

“काऊन वं? तुह्या मोबाईलवर ते अक्षरं मागंपुढं केलेलं कोडं आलं होतं, ते घडाघड कोणं वाचलं? दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनं. तू बीए होऊन अडखळून रायली होती.”

“ते आरती होती, आई. तुम्हाले पाठ हाये. पहिलं अक्षर दिसलं का पुढचं सारं तुम्ही मनानंच म्हटलं.” डिंपल दारातून आत आली. “बाबा आज आरती नाई म्हणून रायले.”

उत्तर झणझणीत सुचलं होतं, जिभेवर आलंही होतं. पण तिची नजर खाटेकडं गेली. पुनाराम बायकोकडं बघतच नव्हता. तो सुनेकडं बघत होता, विनवल्यासारखा.

“पाण्याचं नाई का जी?” सुशीलाबाईनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही.

“धानाचं?”

नाही.

“पोराचं? भूपेंद्र घरी नाई आला म्हणून?”

नाही.

पुढं काय विचारावं ते तिला सुचेना. पाणी, धान, पोरगा. याच्यापलीकडं हा माणूस काय बोलू शकतो, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. आणि मग इतके दिवस ती लोकांना जे सांगत आली, ते कोणाचं होतं?

बाहेर मोटारसायकल सुरू झाली. सुशीलाबाई तशीच अनवाणी अंगणात गेली.

“रामलाल, थांब. तुडूम नको खोलू.”

“काऊन काकी? आत्ता तं काकानं सांगितलं.”

समोरच्या घरच्या बायका दळण निवडता निवडता थांबल्या होत्या. सुशीलाबाईनं त्यांच्याकडं एकदा पाहून घेतलं.

“ते मी सांगितलं,” ती म्हणाली. “त्याईनं नाई.”

“मंग पाणी?”

“पाणी थांबन. जा.”

ती आत आली. स्टूल ओढून नवऱ्याच्या तोंडाजवळ बसली.

“बोला जी,” ती म्हणाली. “घाई नाई.”

पुनारामच्या तोंडून पहिलं अक्षर निघालं. सुशीलाबाईनं त्याच्या ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं. ते एकच अक्षर हळू आवाजात स्वतः म्हणून पाहिलं. मग बोट उचललं आणि पुढच्या अक्षराची वाट बघत राहिली.